आधी छापलेलं नाव

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा चिखल मी स्वतः बाटलीत भरून नांदेडला आणला होता. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, खारट माध्यमावर, त्यातून एक जिवाणू उगवला. नारिंगी, चकचकीत ठिपके. त्याचा जनुकक्रम माहितीतल्या कोणत्याच प्रजातीशी पुरेसा जुळेना. मग त्याच्या सर्वांत जवळच्या भाऊबंदाला परदेशी संग्रहातून मागवलं आणि दोघांना शेजारी वाढवलं. कोण किती मीठ सोसतो, कोणती साखर खातो, किती उष्णतेत मरतो. प्रजाती नवीच निघाली. जिवंत नमुने दोन देशांच्या संग्रहांत जमा केले. लेख तेवढा छापायचा राहिला. प्रजातीचं नाव जो आधी छापतो त्याचंच चालतं. आधी कुणाला सापडली हे कुणी विचारत नाही.

लेखावर पहिलं नाव कुणाचं, इथं गाडी अडली. माझे पीएचडीचे गाइड म्हणाले, "पहिलं माझं. प्रयोगशाळा माझी आहे."

"चिखल माझा हाय, सर."

"बाजार समजलास का?"

समजलोच होतो. आमच्या गावच्या, मुरुडच्या आठवडी बाजारात आईशेजारी बसून मिरच्या विकल्या, त्यावर शिकलो. गिऱ्हाईक उठून चालायला लागलं तरी हाक मारायची नाही. ते आपणहून वळतं. सर वळले नाहीत. लेख त्यांच्या टेबलावर पडून राहिला. एकदा मी दार आपटून बाहेर पडलो, तो परत त्या खोलीत गेलोच नाही. उन्हाळा गेला, दिवाळी गेली.

मग सरांनीच बोलावलं. संगणकाचा पडदा माझ्याकडं फिरवला. दुसऱ्याच देशातल्या कुणी आमची प्रजाती छापली होती. जनुकक्रम ताडून पाहिला. तोच.

"घे आता पहिलं नाव," सर म्हणाले. "कशावर घेतोस?"

एरवी मी टेबल उलटं केलं असतं. हात मांडीवर तसेच पडून होते. लेख अडवला तो त्यांनी, मी नाही. आजही मी हेच म्हणतो.

रविवारी गावी गेलो. आई भाकरी करत होती.

"झालं का रं तुझ्या किड्याचं बारसं?"

"झालं."

"काय ठिवलं नाव?"

सांगितलं. तिनं पुन्हा म्हणायला लावलं.

"असलं कसलं? कुणी काढलं?"

"दुसऱ्यांनी."

"अन् तू काय करायलास तवा?"

मी ताट पुढं ओढलं. तिनं तव्यावरची भाकर उलटली, फुगू दिली, माझ्या ताटात टाकली.

"जेव. गार व्हायली."

जेवलो. चव आठवत नाही.