झूम न करायचं ट्रेनिंग

“कॅमेरा वन, झूम नको,” मी हेडफोनमध्ये म्हणाले.

कॅमेरा वनने झूम केला.

कॅमेरा वन म्हणजे प्रमोद इंगोले. शेलूबाजारात त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. त्या भागात लग्न ठरलं की लोक आधी हॉल बघतात की आधी प्रमोदभाऊंची तारीख घेतात, हे सांगणं कठीण. नवरीच्या डोळ्यांपर्यंत सर्रकन झूम मारणं ही त्यांची खासियत. तोच झूम ते आता सोयाबीनच्या तज्ज्ञांवर मारत होते.

मी अनेक वर्षं टीव्हीवर मल्टिकॅमेरा डायरेक्शन केलं. म्हणजे एकाच कार्यक्रमाला तीन-चार कॅमेरे लावायचे आणि कंट्रोल रूममध्ये बसून कोणत्या क्षणी कोणत्या कॅमेऱ्याचं चित्र घरोघरी जाईल ते ठरवायचं. रिटायर झाल्यावर एका चॅनेलने मला कारंजा लाडला पाठवलं. त्यांना इथून दर आठवड्याला शेतीचा लाइव्ह कार्यक्रम करायचा होता. दर वेळी मुंबईहून माणसं आणणं जमणार नव्हतं, म्हणून इथल्याच लोकांना शिकवायचं ठरलं. मी मूळची अकोल्याची. मला निदान भाषेचं ट्रेनिंग द्यावं लागणार नाही, असा हिशेब असावा.

आम्ही ‘व्हिजन मिक्सर पाहिजे’ अशी जाहिरात दिली. आधी डीजेवाले आले. मग घरगुती मिक्सर दुरुस्त करणारे एक काका आले. त्यांना चहा देऊन परत पाठवलं. व्हिजन मिक्सर म्हणजे डायरेक्टर सांगेल त्या कॅमेऱ्याचं बटण दाबणारा माणूस. ते काम शेवटी शाहीनला मिळालं. तिच्या वडिलांचं कारंजात बांगड्यांचं दुकान आहे, आणि ती घरच्या कॉम्प्युटरवर लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करायची. सुरुवातीला तिचं प्रत्येक चित्र बदामाच्या आकारातून उघडायचं. शेतीच्या चर्चेत बदाम चालत नाहीत, असं मी सांगितल्यावर ती खूप हसली आणि बदाम बंद झाले.

प्रमोदभाऊंचा झूम मात्र बंद होईना. अडचण हाताची नव्हती, कानाची होती. मल्टिकॅमेऱ्यात डायरेक्टर टॉकबॅकवरून, म्हणजे हेडफोनमधून, सारख्या सूचना देत असतो आणि कॅमेरामनने त्या मुकाट्याने पाळायच्या असतात. प्रमोदभाऊ प्रत्येक सूचनेला मोठ्याने उत्तर द्यायचे. ते माइकमध्ये ऐकू यायचं.

एकदा त्यांनी हेडफोन काढूनच ठेवला. “मॅडम, लग्नात मले कोणी सांगत नाही कॅमेरा कुठं फिरवाचा. तुमी कायले इतकं सांगून राह्यल्या?”

“लग्नात तुम्ही एकटे असता,” मी म्हटलं. “इथे मी तुमचा शॉट घेतलेला असताना तुम्ही झूम मारला, की सगळे प्रेक्षक तुमच्याबरोबर धडपडतात.”

त्यांना ते पटलं नाही. मग मी त्यांना वाइड शॉट दिला. त्यात सगळा हॉल दिसतो आणि कॅमेरा हलवायचाच नसतो. दुसऱ्या दिवसापासून ते यायचे बंद झाले.

फोन उचलेनात, म्हणून मी जीपने शेलूबाजारला गेले. ते स्टुडिओत कॅमेऱ्याचा स्टँड पुसत बसले होते. मला बघून उठले, खुर्ची दिली, चहा सांगितला. राग कुठेच दिसत नव्हता, त्यामुळे तो बराच असणार.

“गावभर सांगून बसलो, मी आता टीव्हीवर जातो म्हून,” ते शेवटी म्हणाले. “अन तुमी मले खांबासारखं उभं केलं.”

मी त्यांना वाइड शॉटचं खरं काम सांगितलं. लाइव्हमध्ये काहीही बिघडलं, की डायरेक्टर धावत त्या शॉटवर येतो. तो हलत असेल तर जायला जागाच उरत नाही. ज्याचा हात कापत नाही, त्यालाच मी तिथे उभं करते. हे मी त्यांची समजूत काढायला म्हणत नव्हते आणि ते त्यांना कळलं असावं. पुढच्या सकाळी ते वेळेआधी हजर होते. त्यानंतर त्यांनी चकार शब्द काढला नाही आणि झूमही केला नाही.

मग पहिल्या लाइव्हचा दिवस आला. मुंबईहून दातार नावाचे प्रोड्यूसर आले होते. त्यांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की आज जमलं तर कार्यक्रम कारंजातूनच होईल. नाही जमलं तर नागपूरचं युनिट येईल आणि हा ट्रेनिंगचा वर्ग बंद. मी हे वर्गातल्या कोणालाच सांगितलं नाही. चेहरे बघता त्यांना ते आधीच माहीत होतं.

बाजार समितीच्या हॉलमध्ये शेतकरी बसले होते. शेजारच्या खोलीत आमची कंट्रोल रूम होती. सुरुवात छान झाली. शाहीन मी म्हणेन ते बटण दाबत होती. मग श्रोत्यांतल्या एका बाईंनी माइक हातात घेतला.

“घरचं सोयाबीन बी म्हून ठेवलं आहे,” त्या म्हणाल्या. “ते उगवते का नाही, हे पेराच्या आधी कसं पाहू?”

तज्ज्ञांनी टेबलाखालून ओल्या पोत्याची गुंडाळी काढली. त्यात त्यांनी बी आधीच रुजत घातलं होतं. मी कॅमेरा टूला हातांचा क्लोजअप मागितला, आणि तेवढ्यात माझ्यासमोरचे दोन स्क्रीन काळे झाले. मागच्या बाजूला कोणीतरी चहाचा हीटर आमच्या लाइनवर लावला होता. कॅमेरा टू गेला, थ्री गेला, टॉकबॅकही गेला. आवाज आणि शाहीनचं बटणांचं पॅनेल यूपीएसवर होतं, ते वाचलं. कॅमेरा वन चालू होता, कारण प्रमोदभाऊंनी त्याला बॅटरी लावली होती. मांडवातल्या लाइटवर त्यांचा कधीच विश्वास नसतो.

शाहीनने न सांगता कॅमेरा वन घेतला. पण त्या वाइडमध्ये सगळा हॉल दिसत होता आणि पोत्यातलं बी मात्र दिसत नव्हतं. मला प्रमोदभाऊंशी बोलता येत नव्हतं.

“ब्रेक घ्या, मॅडम,” दातार मागून म्हणाले.

ब्रेक घेतला तर वर्ग गेला. नाही घेतला आणि प्रमोदभाऊंनी नेहमीचा झूम मारला, तरी गेलाच. “थोडं थांबा,” मी म्हटलं.

तेवढ्यात चित्र हललं.

“मॅडम, झूम करून राह्यले ते,” शाहीन हळूच म्हणाली.

“करू दे.”

तो झूम इतका सावकाश होता, की चित्र सरकतंय हे पटकन कळतही नव्हतं. हॉल मागे गेला, टेबल आलं, मग ओलं पोतं उलगडणारे हात आणि त्यात पांढरे कोंब. कॅमेरा तिथे थांबला. तज्ज्ञ कोंब मोजायची पद्धत सांगून संपवेपर्यंत तो तसूभर हलला नाही. मग प्रश्न विचारणाऱ्या बाईंकडे सरकला. त्या मान डोलवत होत्या. शाहीनने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते. बटण दाबायचं काही कामच नव्हतं.

लाइन परत आली. मी कॅमेरा टू घेतला तेव्हा दातारांनी मागे एक लांब श्वास सोडला. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी विचारलं, “कॅमेरा वनवर कोण आहे?”

वर्ग बंद झाला नाही. शाहीनला नोकरी लागली. पुढच्या बॅचला पॅनेल तीच शिकवते आणि बदामांच्या बाबतीत माझ्यापेक्षा कडक आहे. दातारांनी प्रमोदभाऊंनाही बोलावून नोकरी देऊ केली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“येतो ना,” ते म्हणाले. “पण लग्नाच्या तिथीले नाही जमत, साहेब.”

दातारांना वाटलं, प्रमोदभाऊ भाव खात आहेत. मी त्यांना समजावलं, की ते फक्त माहिती देत आहेत. थोडी घासाघीस झाली. आता मुंबईच्या ऑफिसात आमच्या कार्यक्रमाचं शेड्यूल करणारी मुलगी आधी पंचांग उघडते आणि लग्नाचा मुहूर्त नसलेला दिवस शोधते.

माणसाला नवं काम शिकवता येतं. पण त्यासाठी तो जुनं सोडेल, असं गृहीत धरून तारखा लावू नयेत.