रामहरीच्या नावाचा केसपेपर

दैवशालाताई आमच्या दवाखान्यात समुपदेशक म्हणून आल्या, तेव्हा त्यांना बसायला सलाईनच्या खोक्यांची खोली मिळाली. लोकांनी नाव ठेवलं, ‘डोक्याची बाई’. ही बाई सुई टोचत नाही, गोळी देत नाही, नुसतं ऐकते आणि सरकार त्याचा पगार देतं, हे आमच्या जिंतूरकडच्या लोकांना काही पचेना. मलाही पचत नव्हतं. मी खिडकीत केसपेपर लिहितो. दिवसाला दीडशे लोकांचं ऐकतो, मला कुणी समुपदेशक म्हणत नाही.

ताईंची रीत एकच. पेशंटबरोबर पाचसहा नातेवाईक आत घुसतात आणि पेशंट सोडून सगळे बोलतात. ताई बोलू देत. सगळ्यांची तोंडं दमली की म्हणत, "आता तुम्ही चहा घेऊन या." मग पेशंटकडे वळत.

दिनकरराव मात्र चहाला उठले नाहीत. मोठे बागायतदार, जीप भरून माणसं आणलेली. मुलगा योगीराज दोन महिने धड बोलत नव्हता, जेवत नव्हता. पण त्याची सोयरीक चालू होती, आणि असल्या कागदावर मुलाचं नाव येणं म्हणजे खानदानाची अब्रू गेली! म्हणून खिडकीत त्यांनी खुशाल आपल्या सालगड्याचं नाव सांगितलं, रामहरी. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी मुकाट लिहून घेतलं. आत ताईंनी मुलाला विचारलं, झोप लागते का? उत्तर बापाने दिलं, "झकास लागती."

पुढच्या तारखेला कुणी फिरकलं नाही. ताईंना चैन पडेना. त्या एसटीने गावात गेल्या आणि थांब्यावरच दहा जणांत विचारलं, "रामहरी कुठे राहतात? मी दवाखान्यातली समुपदेशक." एवढी शिकलेली मी, पण अक्कल घरी ठेवून गेले होते, हे त्यांचेच शब्द. गावाने हौसेने खरा रामहरी दाखवला.

गोठ्यात पन्नाशीचा माणूस शेण काढत होता. घोटाळा ताईंच्या लगेच लक्षात आला. तरी त्या खाली बसल्या आणि त्यालाच विचारलं, "झोप लागते का?"

"कशी लागंल बाई?" रामहरी म्हणाला. "धाकले मालक सारखे विहिरीवर जाऊन बसायलेत. म्या मागं मागं फिरायलोय. फवारणीचं औषिद लपवून ठिवलंय. मोठ्या मालकाला सांगितलं, तर म्हणले, गप ऱ्हा, सोयरीक व्हायची हाय."

तेवढ्यात दिनकरराव धावत आले. "गावात बोभाटा कशाला करायलाव बाई?"

"मी तुमच्याकडे आलेच नाही," ताई म्हणाल्या. "माझा पेशंट रामहरी. दर बुधवारी त्याला पाठवा. एकटा नको, सोबत तुमच्या मुलाला द्या."

खानदानाच्या अब्रूला नाही म्हणायची सोय उरली नाही. दर बुधवारी दोघे यायला लागले. चार बुधवार रामहरीच बोलला, योगीराज शेजारी बसून ऐकत राहिला. पाचव्या बुधवारी तो रडला आणि मग बोलला.

पण रामहरीच्या मुलीला, भक्तीला, पिंगळीचे पाहुणे पसंत करून गेले होते. रामहरी डोक्याच्या बाईकडे जातो, ही गावातली बातमी त्यांच्या कानावर गेली. त्यांनी निरोप धाडला, बापाचं डोकं फिरलंय, पोरगी नको. दिनकररावांनी आपल्या मुलाची सोयरीक सांभाळली, गड्याच्या मुलीची मोडली, आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. मला त्यांचा संताप आला. त्याहून माझा स्वतःचा आला, कारण ते नाव माझ्या अक्षरात होतं. ताई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

पुढच्या बुधवारी रांगेत निम्मं गाव उभं होतं. योगीराज एकटाच खिडकीशी आला. मी सवयीने ‘रामहरी’ लिहायला लागलो.

"खोडा ते," तो म्हणाला. आवाज कापत होता, तरी पार मागच्या भिंतीपर्यंत गेला. "योगीराज दिनकरराव लिहा. डोक्याच्या बाईकडं मीच येतो. आन् त्या कागदाची झेरॉक्स बी द्या. ती घेऊन मला पिंगळीला जायचंय."