अर्धविरामाच्या जागी

हे लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळत आलो. काल इतवारी बाजारात एका बंद पडलेल्या छापखान्याचं सामान हातगाडीवर चढत होतं. शाईचा आणि रॉकेलचा तो ओशट वास नाकात शिरला आणि मी शेजारच्या भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसूनच राहिलो.

सत्तरच्या दशकात मी एका लहानशा दिवाळी अंकाचा संपादक होतो. कचेरीतला माझा जिवलग मित्र विणकरांच्या घरातला. त्याने वडिलांवर लेख दिला. लुगड्याचे काठ, खळीचा आंबूस वास, मागाची खटखट थांबल्यावर घरात उतरलेली शांतता. सगळं संथपणे सांगत तो शेवटच्या वाक्याशी थांबला होता : 'थोरल्या भावाने माग विकला; त्या हिवाळ्यात वडील गेले.'

"हा अर्धविराम वाचकाला कळायचा नाही," मी म्हणालो.

"काहून नाही कळणार गा?" तो हसला. "दोन वाक्यं बाजूबाजूले बसून राहिले, पण बोलून नाही राहिले. आमच्या घरी असंच आहे. तू मधात बोलू नको."

पण मध्ये बोलणं हीच तर संपादकाची खोड. शेवटच्या प्रुफावर मी अर्धविराम खोडला आणि तिथे 'म्हणून' लिहिलं. पूर्णविराम दिला असता तरी दोन दुःखं आपापल्या जागी राहिली असती. माझ्या शब्दाने मुलगा बापाच्या मरणाचं कारण ठरला.

अंक मोहल्लाभर फिरला. मित्राने जाब विचारला तेव्हा मी छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यावर ढकललं. त्याने विश्वास ठेवला, भावालाही तेच सांगितलं. भाऊ म्हणाला, "टिंब पडते गा हातून, अख्खा शब्द कसा पडन? तुह्याच मनातलं आलं ते." चुली वेगळ्या झाल्या. बहिणीकडच्या लग्नातही दोघे पाठमोरे जेवले.

पुढे काही वर्षांनी मित्र गेला. मी नंदनवन वस्तीतल्या त्याच्या घरी पोचलो तेव्हा थोरला भाऊ ओट्यावर एकटाच बसला होता.

"तुमीच छापला होता नं तो अंक?" त्याने विचारलं. "जाताजाता म्हणे, दादा, मी तसं लिहिलंच नव्हतं. खरं होतं काय, भाऊ?"

त्याचे डोळे माझ्यावर खिळले होते. मी म्हणालो, "जुनी गोष्ट. आता कुठे आठवते."

आता तोही नाही. 'दादा, तो खरं बोलत होता. तो शब्द माझा होता. मला क्षमा करा.' घरून निघताना जुळवलेली ही तीन वाक्यं मी त्या ओट्यावरून तशीच परत आणली.