सातव्या जुजातलं कापलेलं पान

आमच्या बायंडरच्या घराण्याचा इतिहास तुम्ही ऐकला नसेल, तर तुम्ही त्याच्या दुकानात पाच मिनिटांच्या वर बसलेले नाही. मी बावीस वर्षं बसतोय. दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. आत कागद कापायचं यंत्र, खळीची बादली, वह्यांची चळत आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. त्यावर गिऱ्हाईक कधी बसू शकत नाही, कारण तिथे मी असतो.

तर इतिहास असा. बायंडरचा आजोबा काड्यापेटीच्या कारखान्यात पहारेकरी होता. एके दुपारी आग लागली. मागच्या दाराला कुलूप, आत पेट्या भरणाऱ्या बायका, आणि दुसऱ्या पहारेकऱ्याने दाराची चावी हरवलेली. आजोबाने खांद्याने दार फोडून अकरा बायका बाहेर काढल्या. चार आतच राहिल्या. चावीवाल्याला हाकललं, आजोबाला बढती मिळाली. वाचलेल्या बायका मुळात अकरा. बायंडरचा बाप चौदा सांगायचा, आणि माझ्या तोंडी तो आकडा एकोणीसवर गेलाय. सांगताना हात आखडता घेणं मला जमत नाही.

आता त्या चावीवाल्याची नात कोण? याच दुकानात तीस वर्षं वह्या शिवणारी बाई. तिला सगळे सुईवाली म्हणतात. बायंडरच्या आईने तिला कामावर घेतलं तेव्हा म्हणाली होती, "ठेवू या बिचारीला. फक्त किल्ल्या हिच्या हातात देऊ नका." खरंच दिल्या नाहीत. सकाळी ती आधी पोचली तर जिन्यावर बसून राहायची. मीही येताजाता विचारायचो, "काय गं, आज कुठे टाकलीस चावी?" ती हसायची. दातांत सुई धरलेली असायची, त्यामुळे ते हसू नक्की कसलं हे कळायचं नाही. मी कळून घेतलंही नाही.

साठी उलटल्यावर बायंडरला वंशावळीचं वेड लागलं. आठ वर्षं पत्रं लिहिली, जन्ममृत्यूच्या नोंदी उतरवल्या, दूरच्या आत्यांना हैराण केलं. घराण्याचं पुस्तक कातडी बांधणीत तयार करून ठेवलं आणि आजोबासाठी सोळा पानं कोरी सोडली. ती भरायला त्याने दफ्तरखान्यातल्या कारकुनाच्या मागे लागून, बंद पडलेल्या कारखान्याच्या जुन्या वह्या बांधणीसाठी मागून घेतल्या. कुणी त्याच्या गळ्यात मारल्या नव्हत्या.

मंगळवारी दुपारी तो फाटकावरची नोंदवही चाळत होता. एकाएकी थांबला. सुईवालीला म्हणाला, "जरा दोरा घेऊन ये बाजारातून."

"दोरा आहे की दादा, दोन रिळं."

"अजून आण."

ती जिना ओलांडते न ओलांडते तोच त्याने पट्टी लावून एक पान कापलं. तावाची दोन पानं असतात. एक कापलं की त्याचं जोडीदार पान सुटं होतं. ते त्याने पातळ कागदाच्या पट्टीने चिकटवलं. घाईत खळ सदऱ्यावर सांडली.

"दाखव," मी म्हणालो. मी सगळं पाहतो, दुसरा धंदा काय मला.

आगीच्या दिवसाचं पान होतं. मागच्या दाराची चावी एक वाजता घेतली, सही आजोबाची. परत केल्याच्या रकान्यात काही नाही. त्याखाली, सव्वा वाजता आजोबा फाटकाबाहेर. साडेचारला परत. आग तीनला लागली होती. तो कुठे गेला होता हे लिहिलेलं नाही, आणि खरं सांगतो, तेवढ्यानेच मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

"काका, तीस वर्षं ती माझ्यासमोर बसलीय," बायंडर म्हणाला.

"मग सांग तिला."

"कुठल्या तोंडाने? पोरीच्या सासरी हीच गोष्ट सांगून मी मान वर केली. आई तर मरेपर्यंत हीच गोष्ट सांगत होती."

"मग लपव."

"तेच करतोय ना." आणि पान घडी करून खिशात घातलं.

घाबरलेला माणूस आपलाच धंदा विसरतो. दुमडलेल्या तावांची जी गड्डी शिवतात तिला जुज म्हणतात. जुनी वही दुकानात आली की पहिलं काम एकच. सुईवाली प्रत्येक जुजाची पानं मोजते आणि आकडा शेवटच्या पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलीने लिहिते. ही शिस्त तिला लावली बायंडरनेच.

बुधवारी सकाळी ती म्हणाली, "दादा, सातव्या जुजात पंधरा भरतायत. मी सोळा लिहिलीत."

"चुकली असशील."

"मी?"

खरंच, ती कधी चुकली नव्हती. मग तिने यंत्राखाली पाहिलं, रद्दी उपसली, गुडघ्यांवर बसून फळीखाली हात घातला. तासभर. बायंडर समोर बसून तिला शोधू देत होता आणि मी स्टुलावर बसून दोघांना पाहत होतो. आयुष्यात इतकं घाणेरडं मला कधी वाटलं नाही.

शेवटी ती उठली. "दफ्तरखाना तुमचं काम काढून घेईल. मी लिहून देते, पान माझ्या हातून गहाळ झालं म्हणून. आमच्या घराण्याला सवय आहे." आणि हसली.

बायंडरने खिशातून पान काढून तिच्यापुढे ठेवलं.

तिने वाचलं. पुन्हा वरून वाचलं. सहीवर बोट ठेवलं, बायंडरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली.

"खळ द्या," ती म्हणाली.

पान तिने स्वतः जागेवर चिकटवलं, वजन ठेवलं, वाळेपर्यंत बाकीची जुजं शिवली. निघताना चपला घालत म्हणाली, "माझ्या भावाला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. संध्याकाळी बायंडर मला ओढत तिच्या घरी घेऊन गेला. भाऊ ट्रक चालवतो, दांडगा गडी. मला वाटलं आज मार बसणार, आणि मनातून मला तो बसावा असंही वाटत होतं. भावाने सगळं ऐकून घेतलं. हातातली चपलेची तुटकी पट्टी तशीच धरून बसला.

"आमच्या बापाला एकाही कारखान्याने दारात उभं केलं नाही," तो म्हणाला. "म्हणून बाप त्याच्या बापाशी बोलायचा नाही. म्हातारा रोज सांगायचा, चावी माझ्याकडे नव्हतीच. बाप म्हणायचा, खोटारड्या, गप पड. म्हातारा या खोलीत गेला, भिंतीकडे तोंड करून. मग बापही गेला. आता मी हे सांगू कुणाला?"

"मी पुस्तकात खरं ते लिहितो," बायंडर म्हणाला. "सोळा पानं आहेत."

"लिहा. तुमचं पुस्तक आहे."

सुईवाली आतल्या दारात उभी होती. बायंडरने तिला विचारलं, "उद्या येतेस ना?"

"ती वही शिवून झालीय," ती म्हणाली. "पुठ्ठा तेवढा चढवा. बाकीच्या दोन दुसऱ्या कुणाकडून शिवून घ्या."

"अगं, तीस वर्षं..."

"हो ना," ती म्हणाली.

आम्ही निघालो. अर्धा जिना उतरल्यावर बायंडर पायरीवर बसला तो उठेना. "काका, आता काय करू ते सांगा," म्हणाला. मला गावभरच्या भानगडींवर बोलता येतं. या वेळी त्याच्या शेजारी नुसता बसलो. वर कुणीतरी दार लावून घेतलं.