गोठलेल्या कुप्या

यवतमाळच्या एका फार्मसी कॉलेजात मी लायपोसोम शिकवते. चरबीच्या पडद्याचे, डोळ्यांना न दिसणारे फुगे. औषध त्यांच्या पोटात बसून जातं, वाटेत किडनीला फारसा त्रास देत नाही आणि दुखण्याच्या जागी पोचून कामाला लागतं. पोरं निमूट आकृती उतरवून घेतात. मला त्या आकृतीचा संताप येतो.

माझी याडी, म्हणजे आई, कोरोनातून उठली आणि तिच्या नाकात काळी बुरशी शिरली. शुगर जुनी, किडन्या आधीच थकलेल्या. साधं इंजेक्शन तिला झेपणार नाही, लायपोसोमचंच हवं, असं डॉक्टर म्हणाले. ते गावात कुठंच नव्हतं. धाकटा भाऊ मोटारसायकल काढून नागपूरला गेला, रांगेत ताटकळला आणि मे महिन्याच्या उन्हातून कुप्या घेऊन आला.

तो पुसदला कुल्फी विकतो. औषधवाल्यानं 'थंड ठेवा' म्हटलं, तर यानं कुल्फीच्या डब्यात बर्फ भरला, कुल्फी गोठवतात तसं वर मुठीनं मीठ टाकलं आणि कुप्या आत खोचल्या. आमचे पूर्वज बैलांवर मीठ लादून मुलूख फिरले. मिठाचं आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

"बाई, पाह्य! हात लावू देत नाई इतकं गार," तो हसत म्हणाला.

कुप्या दगड झाल्या होत्या. हे औषध फ्रीजमध्ये ठेवायचं, गोठवायचं नाही. गोठलं की बर्फाचे कण तो पडदा फाडतात. वितळल्यावर मी एक कुपी उजेडात धरली. तळाशी पिवळ्या गुठळ्या. ते टोचलं असतं, तर सगळं विष तिच्या किडन्यांवर गेलं असतं. डॉक्टरांचंही तेच मत पडलं.

"हे देता येत नाही," मी म्हणाले.

"काहून? म्या उन्हातान्हात मरत आनलं, अन् तू फेकून राह्यली? शिकली म्हणून आम्हाले अक्कल शिकोतं?"

त्याच्या कानाखाली आवाज काढावा असं वाटलं. त्याची करपलेली मान पाहून रडूही आलं. कुप्या मीच टाकून दिल्या.

नवा साठा येईपर्यंत बुरशी डोळ्यात चढली. डोळा काढावा लागला. याडी वाचली, हे मात्र कुणी बोलत नाही.

तांड्यावर कुणी भेटायला आलं की ती भावाच्या पाठीवरून हात फिरवते. "माह्या पोरानं जिवावर उदार होऊन औषध आनलंतं," सांगते, "पोरीनं फेकून देल्लं." पूर्वी मी समजावून सांगायचे. आता नुसते तिच्या उरलेल्या डोळ्यात थेंब घालते. परवा तिनं माझा हात बाजूला सारला.

"राहू दे," म्हणाली, "तो घालन."