ओरूंचा नकार

तिसऱ्या प्लेटेस्टलाही युद्धच झालं. खेळणाऱ्या गटाच्या संरक्षणमंत्र्याने ओरूंच्या ग्रहाकडे ताफा पाठवला, खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, सॉरी, पण दुसरा मार्ग नव्हता. युडिथने लॅपटॉप मिटला. तिने तो ज्या हळुवारपणे मिटला, त्यावरून मला कळलं की प्रकरण हाताबाहेर चाललंय.

युडिथ म्हणजे आमची क्लायंट. द हेगमधल्या एका प्रशिक्षण संस्थेत ती नव्या मुत्सद्द्यांना वाटाघाटी शिकवते. माझं काम गेम डिझाइनचं. रॉटरडॅमच्या एका छोट्या स्टुडिओत आम्ही प्रशिक्षणासाठी खेळ बनवतो. युडिथसाठी बनवत होतो तो नेशन रोलप्ले. म्हणजे चार जण मिळून एक राष्ट्र चालवतात. एक प्रमुख, एक अर्थमंत्री, एक शास्त्रज्ञ, एक संरक्षणमंत्री. राष्ट्र अंतराळात वसलेलं, जहाजं संथ, आणि एक दिवस दुसऱ्या ताऱ्याजवळ ओरू नावाचे परके जीव राहतात असं कळतं. ओळखपाळख काही नाही. तिथून पुढे काय करायचं, हा खेळ. आणि प्लेटेस्ट म्हणजे खेळ पक्का करण्याआधी तो अनोळखी माणसांकडून खेळवून बघणं.

"संपर्क झाला की युद्धच होतं, हे मी माझ्या लोकांना शिकवू शकत नाही," युडिथ म्हणाली. "खेळाचा निकाल आधीच ठरवलाय असं वाटतं. चौथ्यांदाही हेच झालं तर आपण थांबू."

आपण थांबू म्हणजे मी थांबणार होते. स्टुडिओने मला याच खेळासाठी घेतलं होतं. माझा नेदरलँड्समध्ये राहण्याचा परमिट नोकरीवर, नवऱ्याचा आणि मुलीचा माझ्यावर. नोकरी गेली तर तीन महिन्यांत दुसरी शोधायची, नाहीतर मुलीची शाळा अर्ध्यात सोडून पुण्याला परत.

मी निकाल ठरवलेला नव्हता. ओरू साधे, सभ्य, मैत्रीला तयार असेच लिहिले होते. मग युद्ध कोण घडवत होतं? मला उत्तर माहीत होतं. ब्राम.

ब्राम माझा सहकारी. टेस्टच्या वेळी तो दुसऱ्या खोलीत दार लावून बसायचा आणि ओरूंच्या बाजूने उत्तरं पाठवायचा. कसं वागायचं याचं एक कार्ड मी त्याला लिहून दिलं होतं. पण दाराआड तो ते पाळतो की नाही, कुणी बघितलंय? त्यातून त्याने युडिथला बंदरावरच्या एका खेळाची कल्पना दिली होती, ती मागे पडून माझी निवडली गेली होती. दोन वर्षांत तो माझ्याशी कामापलीकडे बोलला नव्हता. दुपारी आपला चीज घातलेला ब्रेड स्क्रीनसमोर खायचा आणि मी आले की मान हलवायचा. माझा खेळ बुडाला की त्याचा वर येणार, इतका साधा हिशोब होता.

त्याला रंगेहाथ पकडायचं मी ठरवलं. शनिवारी एक खाजगी टेस्ट माझ्या घरी ठेवली. ऑफिसची मीटिंग रूम मिळत नाहीये असं मी ब्रामला सांगितलं, ते धादांत खोटं होतं. खेळायला आमच्या ओळखीतले चौघे मराठी बोलावले, सगळे आयटीतले. ब्रामला जेवणाच्या टेबलावर बसवलं आणि मी चहा करायच्या निमित्ताने त्याच्या मागे उभी राहिले. तिथून स्क्रीन स्पष्ट दिसत होता.

ब्रामने कार्ड शब्दशः पाळलं. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. आणि दुपार व्हायच्या आत दोन्ही राष्ट्रांचा करार झाला. ओरूंनी यांची औषधं घेतली, यांनी ओरूंच्या बर्फाच्या खाणीत भागीदारी घेतली. ताफा बांधायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. पण मला वेगळाच संशय आला. माझी नोकरी पणाला लागलीय हे या चौघांना ठाऊक होतं. माझ्या प्रेमापोटी मुद्दाम गोड खेळले असणार. म्हणजे टेस्ट फुकट.

जेवायला थालीपीठं होती. माझा नवरा मंदार तव्यावरून थेट पानात वाढत होता. दोन झाल्यावर ब्राम म्हणाला, "नको, पोट भरलं." मंदारने तिसरं वाढलं. ब्राम पुन्हा नको म्हणाला. मंदार म्हणाला, अरे छोटंसंच आहे, आणि चौथं टाकलं. वर लोण्याचा गोळा. आमच्यापैकी कुणाला यात काही विशेष वाटलं नाही. ब्राम मात्र काटा खाली ठेवून त्या प्लेटकडे बघत बसला.

"हे लोक सकाळपासून हेच करतायत," तो मला म्हणाला.

"काय करतायत?"

"नाही ऐकतच नाहीत. ओरूंनी औषधं नको म्हटली, यांनी पुन्हा पाठवली. धातू नको म्हटला, यांनी दुप्पट पाठवला. आमची डच माणसं एकदा विचारतात. समोरचा नको म्हणाला की विषय संपला."

मी त्याच्या लॅपटॉपशेजारचं कार्ड उचललं. तिसरी ओळ माझीच होती. अनोळखी राष्ट्राने काही देऊ केलं तर पहिल्या खेपेला नम्रपणे नाकारावं. ही ओळ लिहिताना मी क्षणभरही विचार केला नव्हता. सभ्य माणूस पहिल्यांदा नकोच म्हणतो. पहिल्याच फटक्यात हो म्हणणारा हावरट दिसतो. हा माझ्या लेखी नियम नव्हताच, नुसतं वळण होतं.

आता आधीच्या टेस्टमधल्या डच गटाच्या जागी बसून बघा. खेळातली एक फेरी म्हणजे वीस वर्षं, कारण निरोप जाऊन उत्तर यायलाच तेवढा वेळ लागतो. तुम्ही औषधं देऊ करता. वीस वर्षांनी उत्तर येतं, आभारी आहोत, गरज नाही. तुम्ही धातू देऊ करता. पुन्हा वीस वर्षं, पुन्हा गरज नाही. तुमच्याकडून काहीही न घेणारा शेजारी वीस वीस वर्षं करतोय तरी काय? शस्त्रं बांधत असणार. मग तुम्हीही बांधता. संरक्षणमंत्र्यांची काही चूक नव्हती.

"मला वाटायचं तू मुद्दाम करतोयस," मी म्हणाले. सांगायची गरज नव्हती, पण निघून गेलं तोंडातून.

ब्रामला राग आला नाही. तो विचार करत म्हणाला, "तू आलीस त्या महिन्यात मी तुला घरी जेवायला बोलावलं होतं. सगळ्यांना घेऊन ये म्हटलं होतं. तू म्हणालीस, छे, कशाला उगाच त्रास."

मला आठवलं. मी त्यानंतर कितीतरी दिवस त्याच्या दुसऱ्या बोलावण्याची वाट बघत होते. ते आलं नाही, तेव्हा हा माणूस तुसडा आहे असं ठरवून टाकलं. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडा त्याचाही राग आला. अजून एकदा विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?

सोमवारी आमच्या बॉसचं म्हणणं पडलं की ती ओळ काढून टाक, काम संपलं. मी तसं करून बघितलं. ओरू सगळ्याला लगेच हो म्हणू लागले आणि खेळ अळणी झाला. मी ओळ परत घातली. त्याऐवजी निरोपांकडे बघितलं. खेळात तीनच प्रकारचे निरोप पाठवता येत होते. देऊ करणं, मागणं आणि ताकीद. मी चौथा वाढवला, प्रश्न. समोरच्याला त्याच्या वागण्याबद्दल विचारायची सोय. त्यालाही एक फेरी खर्च होणार, फुकट काही नाही.

चौथी टेस्ट द हेगला झाली. यावेळी राष्ट्रप्रमुखाच्या खुर्चीत युडिथ स्वतः बसली. ओरूंनी औषधं नाकारली. संरक्षणमंत्री झालेल्या मुलीने ताबडतोब जहाजांचा प्रस्ताव ठेवला. युडिथने निरोपांची कार्डं चाळली, प्रश्नाचं उचललं आणि लिहिलं, तुमचा नकार शेवटचा आहे का?

ब्रामचं उत्तर आलं. नाही. आमच्यात पहिल्यांदा नाही म्हणतात. पुन्हा विचारा.

"वेळ काढणारा शत्रूही नेमकं हेच लिहील," संरक्षणमंत्री म्हणाली. त्यावर बराच वाद झाला. शेवटी त्यांनी पुन्हा विचारलं आणि सीमेवर जहाजंही उभी केली. औषधं गेली. जहाजं काही हलली नाहीत. खेळ संपला तेव्हा दोन्ही राष्ट्रं एकमेकांवर डोळा ठेवून व्यापार करत होती.

"हे खरं वाटतं," युडिथ म्हणाली. खेळ पास झाला.

सगळे उठत असताना तिने मला थांबवलं. तिला दुसरा भाग हवा होता, मोठा, दोन वर्षांचा. मुख्य डिझायनर म्हणून तुम्ही कराल का? परमिटचा प्रश्न तिथल्या तिथे सुटत होता. आणि मी काय म्हणाले? म्हणाले, काम फार मोठं आहे, आमच्याकडे माझ्यापेक्षा अनुभवी लोक आहेत.

युडिथने मान डोलावली आणि ब्रामकडे वळली. "मग तुम्ही?"

ब्राम बॅग भरत होता. त्याने चार्जर गुंडाळला, आत टाकला, चेन लावली.

"तिला पुन्हा विचारा," तो म्हणाला.

तिने विचारलं. मी हो म्हणाले.

रॉटरडॅमच्या ट्रेनमध्ये आम्ही समोरासमोर बसलो होतो. याने असं का केलं, बदल्यात याला काय हवं असेल, हे डेल्फ्ट स्टेशनपर्यंत माझ्या डोक्यात फिरत राहिलं. सवय जात नाही. शेवटी सरळ विचारलं.

"तुला हवं होतं का ते काम?"

"हो," ब्राम म्हणाला, "खूप," आणि खिडकीबाहेर बघू लागला.

सरळ विचारलं की सरळ उत्तर मिळतं, एवढं मी या खेळातून शिकले. ते ऐकल्यावर पुढे काय करायचं, त्याचं कार्ड मला अजून लिहिता आलेलं नाही.