तात्यांच्या अंगणाकडची भिंत

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. माझ्या धंद्यातल्या बाकी सगळ्या लबाड्या बायकोला माहीत आहेत — ही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल.

मी घरांना बाहेरून रंग देण्याची कामं घेतो. गेवराईत लहानसं दुकान आहे, आजूबाजूच्या गावांत माझ्या हातचा रंग दिसेल. ब्रश आता माणसं मारतात. माझं काम भाव काढायचं. रस्त्यापलीकडे उभं राहायचं, घर वरपासून खालपर्यंत बघायचं. मग भिंतीवर तळहात घासायचा — हाताला पांढरं लागलं, की समजायचं जुना चुना खरवडावा लागणार. टाकीखाली शेवाळ आहे का? परांचीचे बांबू उभे करायला जागा आहे का? आणि शेवटी मालकाकडं बघायचं. या कामात मला सहसा कुणी गुंडाळत नाही. एका माणसानं गुंडाळलं.

तलवाड्याचे अण्णा. माझा बाप त्यांच्या शेतावर सालगडी होता. अण्णांच्या मुलीचं, मीराचं लग्न ठरलं होतं आणि त्याआधी दुमजली घर बाहेरून रंगवून घ्यायचं होतं. मी चारही बाजू पाहिल्या, सगळ्या कामाचा मिळून उक्ता भाव सांगितला. वाजवी सांगितला, हे आजही छातीवर हात ठेवून म्हणेन. ओट्यावर गावातली माणसं बसलेली होती. त्यांच्यासमोर अण्णा म्हणाले, "तुझ्या बापानं माझ्याकडं सालं घातली, आन् तू माझ्याकडूनच नफा काढतो व्हय बे?"

माणसं हसली.

मी तापट आहे. राग आला की एकतर उठून जातो, नाहीतर निस्तरता येणार नाही असं काहीतरी बोलून बसतो. त्या दिवशी बोललो. "मग तुमीच सांगा अण्णा. तुमी म्हणताल तो भाव." त्यांनी सांगितला — धड सामानसुद्धा आलं नसतं, इतका कमी. आणि मी हो म्हणालो. ते हसणं मी विसरलेलो नाही. विसरायची इच्छाही नाही. पण ते इथं कारण म्हणून सांगत नाही. घडलं ते या क्रमानं घडलं, एवढंच.

माणसं पांगल्यावर अण्णांनी मला घराच्या दक्षिण बाजूला नेलं. तिकडची भिंत त्यांच्या धाकट्या भावाच्या, तात्यांच्या अंगणाला लागून होती. विहिरीच्या पाण्यावरून दोघांचं बिनसलं होतं, वाटणीपासून बोलणं बंद. आणि ती भिंत रंगवायची तर परांची तात्यांच्याच अंगणात उभी करावी लागणार. अण्णा माझ्याकडं न बघता, भिंतीकडं बघत म्हणाले, "तू इचार त्याला. मी कोणत्या तोंडानं इचारू? त्यानं परांची लावू दिली, तर मीराची पत्रिका मी सोता त्याच्या दारात घेऊन जातो."

आवाज अगदी खाली आला होता. मघाशी ओट्यावर बोलणारा माणूस तो हाच का, असं वाटावं इतका. भिंतीच्या निमित्तानं थोरला भाऊ धाकट्याच्या दाराशी जायला बघत होता, आणि निरोप्या मी होतो. हे मला त्याच वेळी कळलं होतं. मागाहून कळलं, असं म्हणायची सोय मला नाही.

तात्या गोठ्यात होते. मी विचारलं. त्यांनी हातातली वैरण खाली ठेवली, आणि म्हणाले, "लाव की. त्यात काय इचारायचं? भावाचीच भिंत हाय न्हवं?" मग बायकोला चहा टाकायला सांगितलं. गोठ्याचे पत्रे भिंतीला टेकलेले होते, ते मधे येतील, उद्या काढून ठेवतो म्हणाले. चहा पिताना हळूच विचारलं, मीरानं रंग कोणता पसंत केला. मी सांगितला. लई झ्याक दिसंल, म्हणाले.

मी चहा बशीत ओतून सावकाश पीत होतो — आणि मनात हिशेब चालू होता. घराची सगळ्यात मोठी भिंत ती. प्लास्टर खडबडीत, कितीही रंग लावा, पिऊन घेणार. भाव उक्ता, म्हणजे ती सुटली तरी पैसे तेवढेच — अण्णांनी घातलेला खड्डा भरून निघत होता. आणि दोघं भाऊ बोलतच नव्हते. मग माझ्या शब्दाचा ताळा कोण करून बघणार होतं?

मी अण्णांकडं परत आलो आणि सांगितलं, "न्हाई म्हणत्यात. आमच्या अंगणात पाय ठिवायचा न्हाई म्हणले."

इथंच थांबलो असतो तर? तर मी एक भिंत चोरणारा कंत्राटदार ठरलो असतो. असे पुष्कळ आहेत. बरीच वर्षं स्वतःला मी ही गोष्ट इथपर्यंतच सांगत आलो.

पण अण्णा "बरं" म्हणाले आणि ओट्यावर टेकले, तेव्हा मला — हे कसं लिहू? — मला बरं वाटलं. भिंत वाचली म्हणून नव्हे. त्या माणसाला कुणीतरी दारातून माघारी धाडलं, आणि ते त्यानं माझ्या तोंडून ऐकलं, म्हणून.

दुसऱ्या दिवशी तात्यांकडं गेलो. पत्रे उतरवून झाले होते. गाय लिंबाच्या झाडाखाली नेऊन बांधलेली, भिंतीलगतची जागा झाडून काढलेली. बांबू कमी पडले, वेळ उरला नाही, असं काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. त्यांना दुखवल्यानं मला एक पैसा सुटणार नव्हता. तरी मी म्हणालो, "अण्णा म्हणले, राहू दे तिकडची भिंत. ती बाजू कुणाला दाखवायची हाय?"

हे वाक्य अण्णांचं नव्हतं. मी उभ्या उभ्या रचलेलं होतं. नेमकं कुठं लागेल ते बघून रचलं होतं — भाव काढताना समोरच्याचं दुखणं जसं बघतो, तसंच.

तात्या वाकले आणि एक पत्रा उचलला. मी हात लावला नाही.

लग्नाला चुलता आला नाही. घर तीन बाजूंनी झळकत होतं. मी मांडवात जेवलो. पाठवणीच्या वेळी मीरा तात्यांच्या बंद दाराकडं बघत उभी राहिली, मग बायकांनी तिला धरून गाडीत बसवलं. पुढं काही वर्षांनी अण्णा गेले. तात्या मातीला आले, पण लांबच उभे राहिले. त्यांना कुणी पुढं बोलावलं नाही, आणि ते स्वतः पुढं झाले नाहीत. मी तिथंच होतो. त्यांच्यात आणि माझ्यात चार पावलांचं अंतर असेल.

यंदा दिवाळीआधी तात्यांनी मला स्वतःच्या घराच्या कामाला बोलावलं. आता थकलेत. अण्णांच्या घराला कुलूप आहे, मुलं पुण्याला असतात. मी भाव काढत असताना तात्या म्हणाले, "अण्णाची ती भिंत बी धर. पैसे मी देतो. त्यानं मला दाखवायला म्हणून सोडली व्हती ती. पण आता तो न्हाई. किती दिस मनात ठिवायचं?"

अंगणात आम्ही दोघंच होतो. सांगायला याहून चांगली वेळ कोणती मिळणार होती? मी तोंड उघडलं. आणि म्हणालो, "खरवडावी लागंल आधी. जास्त लागतील."

त्यांनी मान हलवली. मी टेप लावून भिंत मोजली आणि पुरा भाव सांगितला. त्यांनी घासाघीस केली नाही. काम झालं, पैसे मी मोजून घेतले.

हल्ली ते संध्याकाळी अंगणात बसतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की अण्णाला मी माफ केलं. मी गेलो, तर मलाही सांगतात.